नाव कुणी सांगितलं? : पैलवानांच्या फोटोंच्या प्रकल्प नोंदी, बेळगाव २०२४

१२ जून

आमच्या ट्रस्टच्या संग्रहालयातल्या क्रीडा दालनासाठी फोटो तीन वाटांनी यायचेत. शहापूर भागातल्या एका जुन्या तालमीची भिंत, बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या पेट्या, आणि गावोगावच्या घरांतल्या तसबिरी. आज तालमीपासून सुरुवात केली. कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या तिन्ही बाजूंना आढ्याखाली फोटोंची रांग आहे. खालचा खिळा पक्का, वरची दोरी सैल, त्यामुळं प्रत्येक फ्रेम पुढं झुकलेली. जोर मारून मान वर केली की नजर थेट पैलवानाच्या नजरेला भिडते.

नोंदवहीचे रकाने ठरले: क्रमांक, फोटोतली व्यक्ती, काढणारा, काळ, कशावर छापलाय, माप, अवस्था, कुणाकडून आला. पोर्ट्रेटच्या कुठल्याही संग्रहात थोड्याफार फरकानं हेच असतात. मी एक वाढवून घेतला, ‘नाव कुणी सांगितलं’. ट्रस्टचे अध्यक्ष म्हणाले, याची काय गरज? आज पहिल्या फेरीतच एका फोटोची तीन माणसांनी तीन नावं सांगितली, तेव्हा रकाना राहिला.

१५ जून

तालमीच्या वस्तादांची अट: फोटो न्या, पण भिंत मोकळी ठेवायची नाही. “पोरं ह्यांच्याकडं बघून मेहनत करत्यात. मोकळ्या खिळ्याकडं बघून कोण बैठका मारणार ओ?” म्हणून जो मूळ फोटो खाली उतरेल त्याची त्याच मापाची प्रत त्याच खिळ्यावर लागेल. खर्च वाढला, पण अट रास्त आहे.

दुसरा मुद्दा कुंकवाचा. गुरुपौर्णिमेला आणि नागपंचमीला फोटोंना हार पडतात, काचेवर कुंकू लागतं, शेजारच्या मारुतीपुढं उदबत्ती असते. वर्षानुवर्षांची काजळी आणि तेलकट थर काचेवर बसलाय. काजळी काढायला कुणाची हरकत नाही. कुंकू पुसायचं म्हटल्यावर मात्र दोघं-तिघं गप्प झाले. संग्रहालयाच्या शिस्तीत कुंकू म्हणजे मळ. इथं तो फोटोच्या आयुष्याचा भाग आहे. तोडगा असा काढला की आधी काचेसकट, कुंकवासकट फोटो काढून ठेवायचा, मग काच वेगळी करायची. ज्या काचा धड आहेत त्या प्रतीच्या फ्रेमला बसवून परत तालमीत. कुंकू जिथलं तिथंच राहील.

२४ जून

फ्रेमी उघडायला घेतल्या. पाऊस धरलाय, खोलीत दमट हवा, त्यामुळं रोज थोड्याच. मागं कुठं प्लाय, कुठं चहाच्या खोक्याची फळी, कुठं वर्तमानपत्राच्या घड्या. वाळवीनं पुठ्ठा खाल्लाय, आणि कसरीनं फोटोच्या कागदाची वरची साय कुरतडलीय. जुन्या ब्रोमाइड फोटोंच्या काळ्या भागावर तिरप्या उजेडात निळसर चांदीची झाक दिसते. चित्रातलीच चांदी हवा-दमटपणानं वर येऊन बसते तिची ती झाक. पुसून जात नाही आणि पुसायचीही नाही.

काही फोटो काचेला चिकटलेत. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो पावसाळ्यात फुगतो, काचेला धरतो आणि उन्हाळ्यात तसाच वाळतो. ओढला तर चेहरा काचेवर राहणार आणि कागद हातात येणार. असे सगळे काचेसकट बाजूला ठेवले. मागं काळं कापड, दोन्ही बाजूंनी तिरपे दिवे लावून जसे आहेत तसे कॅमेऱ्यानं घेऊ. बाकीचे ६०० डीपीआयला स्कॅन, टिफ फाइल, पुढं आणि मागं दोन्ही बाजू. मागची बाजू कोरी असली तरी स्कॅन करायची. आमच्या फोटोवाल्याला हे जरा जड जातंय, पण तो करतोय.

३ जुलै

मागच्या बाजूंचा दिवस.

फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का असला की काळ बराचसा हाती लागतो, आणि आमच्या या भागात तर जास्तच, कारण इथली माणसं जागची हलली नाहीत तरी पत्ता बदलत राहिला. शिक्क्यात ‘कोल्हापूर संस्थान’ असेल तर तो १ मार्च १९४९ च्या आधी बनवलेला, कारण त्या दिवशी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. बेळगावपुढं ‘मुंबई इलाखा’ असेल तर स्वातंत्र्याआधीचा. ‘म्हैसूर राज्य’ असेल तर १ नोव्हेंबर १९५६ नंतरचा. ‘कर्नाटक’ असेल तर १ नोव्हेंबर १९७३ नंतरचा. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या पुढचा, कारण पिनकोड सुरूच त्या दिवशी झाले. आणि ‘बेळगावी’ असेल तर २०१४ च्या नोव्हेंबरनंतर कुणीतरी प्रत काढून आणलीय.

स्टुडिओवाले काटकसरी. जुना रबरी शिक्का झिजेपर्यंत वापरत. त्यामुळं शिक्का ‘याच्या आधी नाही’ एवढं खात्रीनं सांगतो, ‘याच्या नंतर नाही’ हे सांगत नाही. ‘संस्थान’वाला शिक्का विलीनीकरणानंतर चार वर्षं कुणी मारला नसेलच असं नाही.

दुसरी खूण किंमतीची. पाठीवर पेन्सिलीनं हिशेब लिहिलेला असतो: किती प्रती, किती पैसे, किती बाकी. रुपये-आण्यांत असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा. ‘न.पै.’ असेल तर दशमान पद्धत आल्यानंतरचा आणि बहुतेक १९६४ पर्यंतचा, कारण त्या वर्षी ‘नया’ हा शब्द सरकारनं काढून टाकला. आण्यांची सवय मात्र बाजारात पुढंही टिकली होती, म्हणून इथंही ‘बहुधा’.

एका फोटोच्या पाठीवर स्टुडिओचं नाव नाही, पैलवानाचं नाव नाही, फक्त “३ प्रती, १ तालीम, १ घरी, १ सासरवाडी” असं लिहिलंय. अख्ख्या संग्रहात इतकी चोख पाठ दुसरी नाही.

९ जुलै

स्टुडिओच्या पेट्यांतले फोटो आणि तालमीतले फोटो शेजारी मांडले. एक गोष्ट ध्यानात आली, ती सविस्तर लिहून ठेवतो.

पडद्यावर जिना, जिन्याच्या टोकाला खांब, खांबापलीकडं बाग. हाच पडदा वेगवेगळ्या पैलवानांच्या मागं येतो, म्हणजे स्टुडिओ एक. इथवर अपेक्षित होतं. पण गदाही तीच आहे. गदेच्या गोल्याला खालच्या अंगाला टवका गेलाय, तो प्रत्येक फोटोत त्याच जागी. म्हणजे गदा स्टुडिओची. खुर्ची, फुलदाणी, टेबलावरचं पुस्तक जसं स्टुडिओचं, तशी गदाही. आता घरोघरी “आमच्या आज्जानं ही गदा मारली” अशा ज्या कथा सांगतात त्यातल्या काहींच्या मुळाशी हा टवका आहे. गदा खांद्यावर आहे म्हणून किताब होता असं यापुढं नोंदवहीत लिहायचं नाही. पदकं, पट्टे, फेटे यांचंही तेच. कुणाचे आहेत ते कळल्याशिवाय ते फक्त दिसतात तेवढेच लिहायचे.

चेहऱ्यावर भिंग धरलं तर गालावर पेन्सिलीच्या बारीक रेघा दिसतात. त्या निगेटिव्हवरच मारलेल्या आहेत. देवीचे व्रण, कपाळावरची खोक, डोळ्याखालचं काळं सगळं सपाट केलंय. दंडावर मात्र उलटी कारागिरी, उजेड वाढवून गोळे उठवलेत. हाताची घडी घालून मुठी दंडाच्या मागं दाबायची, म्हणजे दंड दीडपट दिसतो. ही पोझ युरोपातल्या बलदंडांच्या फोटोकार्डांवर सर्रास असायची. त्यांतला नामी गडी सँडो १९०५ च्या सुमारास हिंदुस्थानात दौऱ्यावर आला होता, त्याची कार्डं नक्कीच हिंडली असणार. बनियनला आपण अजून त्याचंच नाव देतो. आमच्या पैलवानांनी ती पोझ घेतली पण लंगोट, फेटा आणि मिशी आपलीच ठेवली.

माती मात्र एकाही पोर्ट्रेटमध्ये नाही. हळद, ताक, तेल, लिंबू घालून कसलेली लाल माती ज्यांच्या अंगाला रोज लागायची, त्यांचे सगळे फोटो आंघोळ करून, तेल लावून काढलेले.

१९ जुलै

नोंद क्र. ३७. तालमीतला सगळ्यांत मोठा फोटो, दाराच्या समोर. पूर्ण उंचीचा, गदा नाही, हात कमरेवर. काल आणि आज मिळून जे कुणी आले त्यातल्या बहुतेकांनी छातीठोक सांगितलं, “खाशाबाच की ओ ह्यो!” अध्यक्षांनाही तेच हवंय. खाशाबा जाधव म्हटलं की दालनाला दर्जा येतो, पाहुणे येतात, वर्तमानपत्रात बातमी येते. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, हेलसिंकी १९५२. हे नाव कुणाला नको असेल?

मला तो फोटो खाशाबांचा वाटत नाही. कारणं लिहितो.

पाठीवर ‘म्हैसूर राज्य’चा शिक्का आहे, म्हणजे १९५६ च्या नोव्हेंबरनंतरचा. खाशाबा १९५५ मध्ये पोलिसात फौजदार झाले होते. त्या वयात बेळगावच्या स्टुडिओत लंगोटावर फोटो काढला असेल हे अशक्य नाही, पण त्याला काहीतरी आधार हवा. दुसरं, खाशाबा बॅंटमवेटचे, ५७ किलोच्या गटातले, ‘पॉकेट डायनॅमो’ म्हणून ओळखले जायचे. ३७ नंबरचा गडी नव्वदच्या खाली नाही. मांड्या बघितल्या तरी पुरे. तिसरं कान.

कानांबद्दल वस्तादांनी जे समजावलं ते कुठल्याही संग्रहालयाच्या पुस्तिकेत घालण्याजोगं आहे. कुस्तीत कान घासला, पिरगळला की कूर्चा आणि तिच्यावरचा पापुद्रा यांच्यामध्ये रक्त साकळतं. ते वेळेवर काढलं नाही तर तिथंच घट्ट होतं आणि कान गाठाळतो. पैलवान याला कान मोडला म्हणतात आणि तो मिरवतात. प्रत्येकाचा कान वेगळ्या जागी, वेगळ्या आकारात मोडतो. महत्त्वाचं हे की मोडलेला कान आपोआप पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. म्हणजे तरुणपणच्या फोटोत कान मोडलेला आणि नंतरच्या फोटोत साबूत असेल तर माणूस एक नव्हे. उलट असेल तर काही सांगता येत नाही. ओळख नाकारायला कान चांगला साक्षीदार आहे, ओळख पटवायला थोडा कमी.

एक धोका: निगेटिव्ह उलटी ठेवून छापली तर डावा कान उजवा होतो. म्हणून आधी सुलटं-उलटं तपासायचं. सदरा असेल तर गुंड्यांची बाजू बघायची, पदकावर अक्षरं असतील तर ती वाचायची. लंगोटावरच्या फोटोत दोन्ही नसतं. तिथं मग स्टुडिओचा पडदा उपयोगी पडतो. जिना डावीकडं चढला पाहिजे.

अध्यक्षांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “लोक म्हणतात ते खोटं कसं?” मी म्हटलं, अण्णा, लोक म्हणतात हेही लिहू की. रकाना त्यासाठीच आहे.

२७ जुलै

दूधगंगा-वेदगंगेला पाणी. चिकोडी-निपाणीकडचे पूल पाण्याखाली, घरांतल्या तसबिरींसाठी एकसंब्याला जायचं पुढं ढकललं. खोलीत सिलिका जेलच्या पुड्या बदलल्या. काम शून्य.

२ ऑगस्ट

काल पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं. गडी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. तालमीत पेढे वाटले, नेमबाजी आणि कुस्तीचा संबंध काय असं कुणी विचारलं नाही. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं, त्यामुळं बोलणं फिरून त्यांच्याकडं आणि तिथून ३७ नंबरकडं आलंच.

१० ऑगस्ट

अमन सेहरावतला कुस्तीत ब्राँझ. फ्रीस्टाइल, ५७ किलो. गट तोच, रंग तोच, जो खाशाबांचा होता. आमच्या फोटोवाल्यानं मोबाईलवर अमनचा उभा फोटो काढून ३७ नंबरच्या शेजारी धरला आणि वस्तादांना विचारलं, “ही जोड लावाल काय?” वस्ताद हसून म्हणाले, “मरंल की ते पोरगं.” ५७ किलोचा पैलवान कसा दिसतो हे एवढ्यात सगळ्यांना कळलं. माझ्या तीन कारणांनी जे झालं नव्हतं ते झालं.

नोंद: क्र. ३७, व्यक्ती: अनोळखी पैलवान, वजनदार गटातला. नाव कुणी सांगितलं: तालमीत खाशाबा जाधव म्हणून सांगतात, शिक्का व शरीरयष्टी जुळत नाही.

२१ ऑगस्ट

दुसरं मोठं नाव: फडेप्पा दरेप्पा चौगुले. बेळगावचा हा धावपटू १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला गेला होता. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी पळणारी पोरं दोराबजी टाटांनी पाहिली, त्यांच्या वेळा पाहिल्या आणि ऑलिंपिकला संघ पाठवायचं मनावर घेतलं. त्या छोट्या संघात मॅरेथॉनला चौगुले आणि सदाशिव दातार, कुस्तीला कुमार नवले आणि रणधीर शिंदे. शिंदे फेदरवेट फ्रीस्टाइलमध्ये चौथे आले. पदक थोडक्यात हुकलं, नाहीतर खाशाबांच्या आधी बत्तीस वर्षं कुस्तीतलं पदक आपल्याकडं आलं असतं. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५० किलोमीटरची होती, ऑलिंपिकच्या इतिहासातली सगळ्यांत लांब. फिनलंडचा हानेस कोलेमाइनन जिंकला. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे.

बेळगावात रोज सकाळी रेसकोर्सकडं धावायला जाणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत आहे? मी विचारून पाहिलं. खाशाबा सगळ्यांना माहीत, चौगुले बोटावर मोजण्याइतक्यांना. एकोणिसावा आलेल्याची तसबीर कोण लावतो?

पेटीत एक कार्ड साइजचा फोटो आहे. सडपातळ तरुण, अर्धी चड्डी, छातीवर बिल्ला, अनवाणी. पाठ कोरी. अध्यक्षांचा निरोप आला, हे चौगुलेच म्हणून टाका. अनवाणी आहे, धावपटू आहे, बेळगावचा आहे. पण त्या काळी अनवाणी सगळेच पळत. हा माणूस चौगुले असता तर मलाच सगळ्यांत जास्त आनंद झाला असता, आणि नेमकं म्हणूनच जास्त सांभाळायला हवं. खाशाबांच्या बाबतीत शरीर नाही म्हणालं. इथं काहीच नाही म्हणत नाही. पण काहीच हो पण म्हणत नाही. कुणी नाव सांगणाराही नाही. नोंद: अनोळखी धावपटू. चौगुल्यांची माहिती स्वतंत्र फलकावर देऊ, फोटोशिवाय. दालनात त्यांच्या नावाची रिकामी चौकट लावायची कल्पना फोटोवाल्यानं काढली. ती मी खोडली, नाटकी वाटते.

१९ सप्टेंबर

गणपती झाले, रस्ते सुकले, एकसंब्याला जाऊन आलो. चिकोडी तालुक्यातलं हे गाव पहिल्या हिंदकेसरीचं. श्रीपती खंचनाळे. १९५९ मध्ये दिल्लीत बनतासिंगला चीत करून त्यांनी किताब घेतला. मेहनत कोल्हापूरच्या शाहुपुरी तालमीत, मुक्कामही पुढं कोल्हापुरातच, डिसेंबर २०२० मध्ये गेले तेही तिथंच. पण गाव त्यांना अजून ‘आमचा’ म्हणतं, मराठीतही आणि कन्नडमध्येही.

ज्या घरांत गेलो तिथं एकच फोटो पुन्हा पुन्हा दिसला. फेटा, गदा, समोर नजर. भिंगाखाली धरल्यावर चेहरा ठिपक्याठिपक्यांचा झाला. म्हणजे तो फोटोच नव्हे, छापील चित्र. वर्तमानपत्रातलं, कॅलेंडरवरचं किंवा एखाद्या मैदानाच्या जाहिरातीतलं कापून काच बसवलेली. खऱ्या फोटोत भिंगाखाली ठिपके येत नाहीत, रंग विरत जातो.

संग्रहालयाच्या हिशेबी माणसानं याला ‘कमी मोलाचं’ म्हटलं असतं. मला उलट वाटतं. मूळ फोटो कोल्हापूरच्या एखाद्या स्टुडिओत एकदा निघाला असेल. हे छापील तुकडे मात्र सांगतात की तो किती घरांत पोचला आणि लोकांनी त्याचं काय केलं. एका घरात हिंदकेसरींच्या एका बाजूला शिवाजी महाराज आणि दुसऱ्या बाजूला बसवेश्वर. दुसऱ्या घरात त्याच फ्रेमीत खालच्या कोपऱ्यात घरच्या मुलाचा पासपोर्ट फोटो खोचलेला. मुलगा तालमीला जातो. आम्ही फ्रेम उघडली नाही, तशीच फोटो काढून घेतली. मुलाचा फोटो नोंदीत यायला नको म्हणून तेवढा कोपरा झाकला.

मारुती माने आणि गणपत आंदळकर यांचेही असेच तुकडे मिळाले. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये दोघांनीही एकेक सोनं आणि एकेक रुपं आणलं होतं, मान्यांनी फ्रीस्टाइलमध्ये सोनं, आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये. एका घरातल्या आजी दोघांना एकाच कौतुकानं ‘पोरं’ म्हणाल्या. त्यांचे यजमान कोल्हापूरच्या खासबाग मैदानात जाऊन कुस्त्या बघून यायचे आणि येताना फोटो आणायचे. नाव कुणी सांगितलं: घरच्या आजी. या रकान्यात मिळालेली सगळ्यांत पक्की साक्ष हीच, कारण खाली छापील नाव होतंच आणि आजींना वाचता येत नव्हतं.

८ ऑक्टोबर

सगळे पैलवानच नाहीत. एक सांघिक फोटो हॉकीचा, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यासह. पलटणीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळं आश्चर्य नाही. फोटो दाखवला की दोन नावं लगेच पुढं येतात. एक शंकर लक्ष्मण, याच पलटणीतला गोलकीपर. ऑलिंपिकमध्ये १९५६ आणि १९६४ (टोकियो) चं सोनं, मधल्या १९६० चं रुपं. टोकियोच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला १-० नं हरवलं ते मोहिंदर लालच्या गोलवर आणि लक्ष्मणच्या पॅडवर. दुसरे बंडू पाटील, बेळगावचे, टोकियोच्या सुवर्णसंघातले.

फोटोत पॅड बांधलेला एक जण आहेच. म्हणून तो लक्ष्मण? प्रत्येक संघात गोलकीपर असतो. पुठ्ठ्याच्या खाली ‘बसलेले, डावीकडून’ एवढं शाबूत आहे आणि पुढची नावांची पट्टी कसरीनं फस्त केलीय. कसरीला चव कळते असं फोटोवाला म्हणाला. पलटणीकडं चौकशीचं पत्र गेलंय. तोवर: हॉकी संघ, मराठा लाइट इन्फंट्री, बेळगाव.

१ नोव्हेंबर

दिवाळी, कर्नाटकचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन एकाच तारखेला. शहरात दोन्हीकडच्या मिरवणुका. खोली बंद.

१४ नोव्हेंबर

फलकांचा मजकूर. तीन भाषा: कन्नड, मराठी, इंग्रजी. कन्नडचं काम बघणाऱ्या मॅडम नेमक्या आहेत. मराठीत मी ‘लाल मातीचा वाघ’ वगैरे लिहिलं की त्या विचारतात, “हे नोंदवहीत कुठंय सर?” मग ते जातं. फलक त्यामुळं निम्मे झाले आणि बरे झाले.

वाद झाला तो ‘राज्य’ या रकान्यावरून. चौगुले पळाले तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात. खंचनाळे हिंदकेसरी झाले तेव्हा चिकोडी म्हैसूर राज्यात. आजचं राज्य लिहावं की तेव्हाचं? दोन्ही बाजूंनी आवाज चढायच्या आत मॅडमनीच सुचवलं, गाव आणि तालुका लिहू, राज्य नको. गाव बदलत नाही. मी लगेच मान्य केलं. शिक्क्यावर राज्य असेल तर ते शिक्का म्हणून जसंच्या तसं नोंदवहीत राहील.

हक्कांचंही आज निपटलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो, काढणारा नव्हे. म्हणून पाठीवरचा तो पेन्सिलीचा हिशेब नुसता काळ सांगत नाही, मालकीही सांगतो. स्टुडिओवाल्यानं हौसेनं काढून काचेत लावलेल्या फोटोंचं वेगळं. २०१२ च्या दुरुस्तीत फोटोंसाठीचं स्वतंत्र कलम गेलं, आता मुदत छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. स्वातंत्र्याआधीच्या फोटोंची मुदत जुन्या कलमाखालीच संपलीय, त्यांची अडचण नाही, साठ-सत्तरच्या दशकातल्या अशा फोटोंना स्टुडिओच्या वारसांची सही घ्यायची. ते तयार आहेत. एकच मागणी, फलकावर स्टुडिओचं नाव पैलवानाच्या नावाइतक्याच अक्षरात. द्यायचं ठरलं. जिथं पैलवान अनोळखी आहे तिथं तर स्टुडिओचं नावच वर येईल.

२६ नोव्हेंबर

मांडणीची रंगीत तालीम बघायला शाळेच्या मुली आल्या होत्या. एकीनं शेवटपर्यंत जाऊन विचारलं, “सर, बाई एकपण नाही?” नाही. तालमीच्या भिंतीवर नव्हती, पेट्यांत नवऱ्याशेजारी बसलेल्या आहेत, खेळाडू म्हणून नाही. आम्ही भिंत जशी होती तशी आणली, हे खरं, पण ते पुरेसं उत्तर नव्हे. तुरमुरीची मलप्रभा जाधव बेळगावपासून हाकेच्या अंतरावरची. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये कुराश या कुस्तीच्या जवळच्या खेळात ५२ किलो गटात तिनं ब्राँझ आणलं. मान्यांनी, आंदळकरांनी पदकं आणली तेच शहर. तिचे फोटो आहेत ते बातमीतले, मोबाईलवरचे. दालनासाठी नीट पोर्ट्रेट काढून घ्यायचा प्रस्ताव आज ट्रस्टला दिला. खर्चाच्या रकान्यात अध्यक्षांनी न बोलता सही केली. ३७ नंबरची भरपाई म्हणून केली असेल तर तेही चालेल.

५ डिसेंबर

प्रती तालमीत लागल्या. वस्तादांनी प्रत्येक खिळा स्वतः तपासला. दाराच्या समोर ३७ ची प्रत. खाली आमचा छोटा कागद: अनोळखी पैलवान, १९५६ नंतर, बेळगावचा स्टुडिओ. दुपारी बघितलं तर कुणीतरी ‘अनोळखी’ खोडून बॉलपेननं खाशाबा लिहिलं होतं. वस्ताद म्हणाले, “राहू दे की, पोरांनी केलंय.” तालमीत राहू दे. संग्रहालयातल्या मूळ फोटोखाली छापील फलक आहे, तिथं राहणार नाही.

शिल्लक: स्टुडिओच्या काचेच्या निगेटिव्ह. त्या अजून मोजल्याही नाहीत. काही एकमेकींना चिकटल्यात, काहींचा थर सुटलाय. एकेक उभी ठेवायला खाचांच्या लाकडी पेट्या सुताराकडं टाकल्यात, संक्रांतीच्या आत देतो म्हणाला. स्टुडिओची हिशेबाची वही मिळाली तर निगेटिव्हच्या नंबराला गिऱ्हाइकाचं नाव लागेल. वारसांनी माळ्यावर बघतो म्हणून सांगितलंय.